ओल्या कपाळावरचं भस्म

१

हिप्परग्याच्या तलावावर ईश्वरप्पाचं प्रेत सापडलं ते बुधवारी सकाळी, आणि दुपारी चारच्या आत फौजदारांनी खुनी धरलासुद्धा. आमच्या सोलापुरात साध्या बांधाच्या कज्ज्याला तारीख मिळायला सहा महिने लागतात. फाशी द्यायला माणूस मात्र एका दिवसात मिळतो.

मी जोतीराम. बत्तीस वर्षं कोर्टात नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वर्षं नाझर म्हणून. समन्सं, जप्त्या आणि पंचनामे यांत डोळे गेले. पेन्शन घेतल्यालाही तीन वर्षं झाली, पण लोक अजून नाझरसाहेबच म्हणतात. मला व्यसन एकच, गळ टाकून मासे धरण्याचं. नोकरीच्या सुरुवातीला सहा वर्षं रत्नागिरीला होतो. तिथं समुद्रात घुसलेल्या खडपांवर, म्हणजे खडकांवर, बसून लोक गरवतात, गळ टाकून मासे धरतात, त्यांच्यात बसता बसता मलाही चटक लागली. बदली होऊन सोलापूरला आलो तेव्हा समुद्र तिकडंच राहिला आणि चटक तेवढी बरोबर आली. मग दर रविवारी दोन कोस चालून हिप्परग्याला जायचं आणि बंधाऱ्याच्या उतारावर लावलेल्या काळ्या दगडांवर बसायचं, हा माझा नेम. लोक हसतात. हसू देत.

ईश्वरप्पा हा चाटी गल्लीतला कापडवाला. वय चाळीसच्या आसपास, बोलायला गोड, घर लिंगायतांचं आणि कडक सोवळ्याओवळ्याचं नसलं तरी कडक शाकाहाराचं. त्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी काढत नाही. प्रेत बंधाऱ्याच्या उत्तर टोकाला दगडांवर होतं, डोक्याला मागून जखम होती. आणि त्याच्या गळ्यातला चांदीचा करंडा, ज्यात लिंगायत माणूस आपलं इष्टलिंग वागवतो, तो सापडला कोंडीबा भोयाच्या झोपडीतल्या कोनाड्यात. कोंडीबा तलावात जाळं टाकून पोट भरतो. बंधाऱ्याखालीच राहतो.

गुरुवारी सकाळी त्याची बायको गोजरबाई माझ्या दारात येऊन बसली.

"साहेब, तुमी तळ्यावर येताय, त्यांला वळखताय. मासं मारत्यात त्ये, मानूस मारतील व्हय?"

"अगं बाई, पण करंडा तुमच्या कोनाड्यात कसा आला?"

"शेट सोताच ठिवून जायचं की."

"चांदीचा करंडा? लिंगाचा? आणि तुमच्याकडं ठेवायचा?"

तिनं गल्लीत दोन्हीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"गळ टाकाया यायचं त्ये, साहेब. रोज न्हाय, बुधवारी आन् शुक्करवारी. दोन वर्सं झाली."

हे वाक्य चाटी गल्लीत कुणी उच्चारलं असतं तर त्याच्या डोक्यात कापड मोजायचा लोखंडी गज बसला असता. मी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

२

शुक्रवारी कोंडीबाला भेटलो. जुन्या ओळखीचा हवालदार होता, त्यानं चौकीत दहा मिनिटं दिली. कोंडीबा भिंतीला टेकून बसला होता. एका डोळ्याखाली सूज होती. कशानं आली ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

"शेट लई चांगलं मानूस हुतं," तो म्हणाला. "पन गावात कळंल म्हून भ्यायचं. गळाची काठी माज्याकडं, करंडा माज्याकडं. पहाटं यायचं, तोंडाला मुंडासं गुंडाळायचं आन् पार त्या टोकाला जाऊन बसायचं."

पेन्शनीत आल्यावर मी कधीमधी आडवारीही तळ्यावर जायचो, तेव्हा मुंडासं गुंडाळलेला तो माणूस एकदोनदा लांबून पाहिला होता. रेल्वेतला कुणी गार्ड असेल, असं धरून चाललो होतो.

"आणि करंडा का काढायचा? लिंगायत माणूस लिंग अंगावेगळं करत नाही."

"लिंग कुटं काढायचं? चांदी लांबनं चमकती, कुनी वळखंल, म्हून त्येवढी डबी काढायचं. लिंग फडक्यात बांधून गळ्यातच. मासा हातात घेताना तर त्ये फडकं पाटीवर टाकायचं."

"आणि भांडण कशाचं झालं? सगळा हिप्परगा सांगतोय, गेल्या शुक्रवारी तू त्याच्यावर ओरडत होतास."

कोंडीबानं मान खाली घातली. "दोन हाताची मरळ हुती, साहेब. कशी घावली कुनास ठावं. शेट मासं खाईत न्हाईत, धरत्यात आन् सोडत्यात. मी म्हनलं, मला द्या. तर म्हनलं, जीव घ्यायचा न्हाय. आन् दिली सोडून. मी चार दीस जाळं टाकून बसलो हुतो, हाताला काय घावलं न्हवतं. घरात चूल न्हवती पेटली. मग तोंड सुटलं माजं." मग म्हणाला, "दुसऱ्या दिशी गोजरीच्या हातात जवारीची पिशवी दिऊन गेलं त्ये. त्ये कुनी बगितलं न्हाय."

"बुधवारी तू कुठं होतास?"

"पलीकडं, सांडव्याला. शेट काठी घिऊन गेलं त्येवढं बगितलं. काठी घावली का हो?"

काठी कुणालाच सापडली नव्हती. फौजदारांच्या मते मुळात काठीच नव्हती. मयताच्या घरचे शपथेवर सांगत होते की ईश्वरप्पानं जन्मात मासा हातात धरला नाही, तो हवा खायला जायचा. मग करंडा प्रेतावरूनच काढला, हे उघड होतं. थोरला भाऊ शिवलिंगप्पा यानं जबाबात एकच वाक्य सांगितलं होतं, आणि फासाला तेवढं पुरेसं होतं: लिंगायत माणूस जिवंतपणी करंडा गळ्यातून काढत नाही.

म्हणजे ईश्वरप्पा मासे धरायचा एवढं त्याच्या घरच्या एकानं कबूल केलं की कोंडीबा सुटणार होता. न केलं तर लटकणार होता. आणि ते कुणी कबूल करणार नव्हतं.

३

पंचनाम्याची नक्कल मला जुन्या कारकुनानं वाचायला दिली. मी ती कचेरीच्या ओट्यावर बसून वाचली. पंचनामा लिहिणारा माणूस विचार करत नाही, दिसेल ते लिहितो, म्हणून मला पंचनाम्यांबद्दल आदर आहे. वकिलांबद्दल नाही.

त्यात लिहिलं होतं: 'इसम अनोळखी, ओळखणारे कोणी हजर नाही. धोतर, सदरा, डोकीचे केस ओले. डोकीस मागील बाजूस दोन बोटे जखम. पाय पाण्याकडे. दोन्ही हात छातीवर. गळ्यात ओल्या फडक्याची गाठोडी, आत काळे लिंग. कपाळी भस्माचे तीन पट्टे.'

फडक्याची गाठोडी वाचून मला आधी हायसं वाटलं. चांदीसाठी मुडदा पाडणारा चोर करंड्यातलं लिंग काढून, ते फडक्यात नीट बांधून, पुन्हा प्रेताच्या गळ्यात घालील का? कोंडीबा खरं बोलत होता. पण फौजदार म्हणतील, भिऊन बांधलं असेल, देवाला कोण भीत नाही. एवढ्यावर माणूस सुटत नाही.

मग मी शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि तिथंच अडकलो.

घरी आलो. देवळातून आणलेलं भस्म होतं, ते कपाळाला तीन बोटांनी लावलं, सदऱ्यासकट न्हाणीत बसलो आणि डोक्यावर एक घागर ओतून घेतली. मग आरशात पाहिलं. कपाळ स्वच्छ होतं. शेजारच्या तानाबाईनं खिडकीतून हे सगळं पाहिलं आणि पेन्शनीत गेलेल्या माणसांचं असंच होतं, असं काहीसं ती सुनेला म्हणाली.

केस ओले, सदरा ओला, गळ्यातलं फडकं ओलं. म्हणजे ईश्वरप्पा डोक्यापर्यंत पाण्यात गेला होता. आणि कपाळावर भस्माचे तीन पट्टे शाबूत होते. म्हणजे ते तो पाण्याबाहेर आल्यावर लावले होते. मेलेला माणूस स्वतःच्या कपाळाला भस्म लावत नाही. ते दुसऱ्यानं लावलं, त्याचे हात छातीवर ठेवले आणि पोलीस यायच्या आत तो निघून गेला.

कोंडीबा भोयाजवळ भस्माची पुरचुंडी कशाला असेल? प्रेताला भस्माशिवाय ठेवायचं नाही, हे भिनलेलं असतं लिंगायतांच्या अंगात. पळून जायच्या घाईतसुद्धा त्या माणसाचा हात कमरेच्या पुरचुंडीकडं गेला. तो ईश्वरप्पाच्या जातीचा होता, आणि ईश्वरप्पा त्याला परका नव्हता.

४

शनिवारी उन्हं यायच्या आत तलावावर गेलो. उत्तर टोकाला पाणी कमी होऊन दगडांचा खालचा भाग उघडा पडला होता, त्यावर शेवाळ होतं. मी ईश्वरप्पाच्या जागी बसलो आणि तासभर नुसता बसून राहिलो.

खडपावर बसणाऱ्याला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात, पाण्याकडं पाठ करायची नाही. मासा ओढतो तेव्हा माणूस पुढं तोंडावर पडतो. ईश्वरप्पाची जखम मागं होती, आणि मागून कुणी मारलं असतं तर पुढं पडून त्याचं तोंड फुटलं असतं, पंचनाम्यात तोंडाला ओरखडाही नव्हता. डोक्याचा मागचा भाग खालच्या दगडावर आपटायचा तर तो पाण्याकडं पाठ करून, वर बंधाऱ्याकडं तोंड करून उभा असला पाहिजे. म्हणजे वरून कुणीतरी आलं आणि त्यानं हाक मारली. चोर हाक मारत नाही.

आठच्या सुमारास ऊन पाण्यावर आलं तेव्हा मला लव्हाळ्यांत एक बारीक सरळ टोक दिसलं. लव्हाळं वाऱ्यानं हलत होतं, ते टोक हलत नव्हतं. धोतर सोडून, लंगोटावर छातीभर पाण्यात गेलो. या वयात असं दृश्य कुणी पाहू नये, आणि सुदैवानं कुणी पाहिलं नाही. ती काठी होती, विलायती, तीन तुकडे जोडून केलेली, बुडाला पितळी चरखी. चरखीच्या वजनानं बूड चिखलात रुतलं होतं आणि शेंडा वर राहिला होता. काठावरून दहा हात लांब होती. हातातून निसटलेली काठी एवढ्या लांब जात नाही, कुणीतरी ती भिरकावली होती.

दगडांच्या फटीत एक छोटा डबा मिळाला. आत वाळलेली कणीक. हुंगली तर हिंगाचा वास आला. माशाला हिंगाचा वास आवडतो, हे जुन्या गळवाल्यांना ठाऊक असतं. कणीक म्हणजे गांडुळाचा जीवही घ्यायचा नाही, असा हा गळवाला.

दोन्ही वस्तू घेऊन मी तसाच फौजदारांकडं गेलो. त्यांनी काठी उलटीसुलटी करून पाहिली, चरखी फिरवून पाहिली, भस्माचंही ऐकून घेतलं.

"नाझरसाहेब," ते म्हणाले, "सोलापुरात गळ टाकणारा माणूस म्हणून सगळे एकच नाव घेतात. तुमचं. तुम्हीच तलावातून काठी काढता आणि तुम्हीच सांगता की ही मयताची. कोर्टात मी काय सांगू? आणि भस्माचं म्हणाल, तर गावातल्या कुणीतरी पुण्य म्हणून लावलं असेल."

त्यांनी काठी आणि डबा मला परत दिले. मला राग आला, पण ते खोटं बोलत नव्हते. मीच एकटा न जाता दोन पंच घेऊन गेलो असतो तर काठी पुरावा झाली असती. बत्तीस वर्षं दुसऱ्यांना हे शिकवलं आणि स्वतःची वेळ आली तेव्हा लंगोट लावून पाण्यात उडी टाकली.

५

ईश्वरप्पाला गळ शिकवला कुणी, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गळाचा चोरून शौक आणि लिंगायतांत ऊठबस, असा माझ्या माहितीतला एकच माणूस होता, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, असलेला तिप्पण्णा. रविवारी सकाळी मी त्याच्या दारात काठी घेऊन उभा राहिलो. काठी पाहून त्याचे डोळे भरून आले, आणि दुसऱ्याच क्षणी त्यानं दार अर्धं ओढून घेतलं.

"ही काठी मी कितीदा मागितली त्याला. म्हणायचा, मी मेल्यावर घे." तो पुटपुटला. "आम्ही दोघं जायचो पहिल्यांदा. मग माझी पाळी बदलली. नाझरसाहेब, हात जोडतो, माझं नाव घेऊ नका. मठात कळलं तर माझ्या घरचं पाणी कुणी पिणार नाही."

"कोंडीबाला फाशी होईल."

"शिवा शिवा," तिप्पण्णा म्हणाला. पण दार लावताना म्हणाला.

बाहेर रस्त्यावर मी विचार केला. भस्म लावणारा घरचा किंवा जवळचा. तिप्पण्णा जवळचा होता, बुधवारी कुठं होता ते मी विचारलंही नव्हतं. पण त्याची गरज नव्हती. दोन वर्षं ज्या काठीवर डोळा ठेवला ती काठी तिप्पण्णानं तळ्यात भिरकावली नसती. चोरानं ती विकली असती. गळवाल्यानं घरी नेली असती. काठी भिरकावून देणारा माणूस असा, ज्याला त्या काठीचीच लाज वाटत होती. ती तिथं दिसणं हे त्याला प्रेत दिसण्यापेक्षा वाईट वाटत होतं.

मी चाटी गल्लीत गेलो. शिवलिंगप्पा मठात गेले होते. ईश्वरप्पाची बायको दाक्षायणी उंबऱ्याच्या आत बसली होती. मागं सोप्यात बायका पुरण वाटत होत्या. लिंगायतांत मरणाचं सुतक नाही, आणि सोमवारी तिच्या मुलीचा साखरपुडा होता.

"ते हवा खायला जायचे," ती न विचारताच म्हणाली. पाठ केल्यासारखं.

मी डबा काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं तो उचलला, झाकण उघडलं आणि आतली कणीक हुंगली.

"हिंग जास्त झालाय," ती म्हणाली. "त्या दिवशी घाईत मळली. अक्कलकोटचे पाहुणे यायचे होते पोरीला बघायला, म्हणून यांना म्हटलं आज नका जाऊ. तरी गेले. उशीर होऊ लागला म्हणून मग..."

डबा तिनं पदराआड घेतला.

"म्हणून मग कुणाला पाठवलंत, दाक्षायणीबाई?"

तिनं मान हलवली आणि रडू लागली. मला त्या बाईची दया आली, आणि स्वतःची लाजही वाटली. पण तिला आणखी विचारायची गरज उरली नव्हती. नवऱ्याला बोलावून आणायला ती घरातल्या एकाच पुरुषाला पाठवू शकत होती.

६

शिवलिंगप्पा संध्याकाळी दुकानात एकटेच होते. पन्नाशीचा, रुंद कपाळाचा माणूस. कपाळावर भस्माचे तीन पट्टे होते. मी काठी त्यांच्या गादीवर ठेवली. त्यांनी झटकन वरून एक धोतरजोडी टाकली आणि ती झाकली. बाहेर रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी झाकली.

"तुम्ही ती नीट फेकली नाहीत," मी म्हणालो. "चरखीनं बूड रुततं, शेंडा वर राहतो."

मग ते सगळं बोलले, अगदी हळू, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगत होते.

"टांगा सडकेला उभा केला आणि बंधाऱ्यावर गेलो. हा हातात मासा घेऊन उभा. लिंग पाठीवर टाकलेलं! मला काही दिसेना, नाझरसाहेब. मी ओरडलो, ईश्वरा! एवढंच. तो वळला आणि पाय गेला. डोकं आपटलं ते मला वर ऐकू आलं. पाण्यात गेला. मला पोहता येत नाही. तरी गेलो, गळ्यापर्यंत गेलो, सदऱ्याला धरून ओढला. तोपर्यंत..." त्यांनी हात उघडून दाखवला. "माझी पुरचुंडी बंडीच्या खिशात होती. बंडी मी आधी काढून वर ठेवलेली."

"मारलं नाहीत तुम्ही."

"माझ्या मांडीवर वाढलाय तो."

"मग हेच मॅजिस्ट्रेटपुढं सांगा. तुम्हाला कुणी हात लावणार नाही. कुणी मारलंच नाही त्याला, आणि एक माणूस त्यासाठी फासावर चाललाय."

"उद्या पोरीचा साखरपुडा आहे," शिवलिंगप्पा म्हणाले. "अक्कलकोटचं घर, मठाच्या पंगतीचं. बाप भोयाच्या झोपडीत करंडा ठेवून मासे मारायचा, हे आज कळलं तर पाहुणे दारातून परत जातील. बापाविना पोर आहे, मग तिला कोण पत्करील? मला फक्त उद्याचा दिवस द्या. परवा, मंगळवारी, मी तुमच्याबरोबर कचेरीत येतो. सगळं लिहून देतो." त्यांनी करंड्यातून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि शपथ घातली. "तोवर कुणाला बोलू नका."

मी विचार केला. खटला उभा राहायला महिना होता. एका दिवसानं काय बिघडणार होतं? पोरीचं लग्न मोडून मला काय मिळणार होतं? माणसानं थोडं सभ्य असावं, असं मला वाटलं. मी होय म्हणालो.

घरी आलो तर गोजरबाई पायरीवर बसली होती.

"काय कळलं का, साहेब?"

माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी शब्द दिला होता, आणि ही बाई हिप्परग्यात एकीला बोलली तर रात्रीत अक्कलकोटला पोहोचलं असतं.

"मंगळवारपर्यंत थांब," मी म्हणालो. "कुणाला काही बोलू नकोस. मंगळवारी सांगतो."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी जास्त वेळ तिच्याकडं बघू शकलो नाही. "बरं," ती म्हणाली आणि गेली.

७

मंगळवारी शिवलिंगप्पा आले. हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे, शब्दाप्रमाणं आले. साखरपुडा नीट झाला होता. पांढरं स्वच्छ धोतर, डोक्याला रुमाल, हातात काठी गुंडाळलेलं कापड. आम्ही कचेरीच्या पायऱ्या चढलो तर जुना कारकून समोरून आला.

"नाझरसाहेब, तुमच्या भोयाचं काम झालं की! काल मॅजिस्ट्रेटपुढं कबूल झाला. जबानी लिहून घेतली, अंगठा दिला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. जबानीची नक्कल मागितली, तिथंच उभ्यानं वाचली. चांदीच्या लोभानं वल्ह्यानं डोक्यात मारलं, करंडा काढला, लिंगाची भीती वाटली म्हणून ते फडक्यात बांधून परत घातलं. कोंडीबाला एवढं सुचलं नसतं. मी शनिवारी दाखवलेली प्रत्येक फट फौजदारांनी बुजवली होती. भस्मसुद्धा होतं त्यात: 'पाप लागू नये म्हणून चुलीतील राख लावली.'

मी वळलो तेव्हा शिवलिंगप्पा दोन पायऱ्या खाली उतरले होते.

"त्यानं कबूल केलंय," ते म्हणाले.

"ते खोटं आहे. तुम्हाला ठाऊक आहे ते खोटं आहे!"

"आता मी सांगितलं तर कोण ऐकणार? म्हणतील, भोयाला वाचवायला भावाच्या नावाला काळं फासतोय. त्याचीही बेअब्रू, पोरीचंही मोडणार, आणि हा तरी सुटणार का?" ते आणखी एक पायरी उतरले. "त्यानं स्वतः अंगठा दिलाय, नाझरसाहेब. त्याच्यावर मी काय बोलू?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, जोरानं नाही, हळूच, बोट बोट करून. काठीचं कापड मला परत दिलं आणि ते रस्त्यानं चाटी गल्लीकडं गेले. मी फौजदारांकडं गेलो, मॅजिस्ट्रेटच्या शिरस्तेदाराकडं गेलो, एका वकिलाकडं गेलो. प्रत्येकानं मला बसायला खुर्ची दिली आणि प्रत्येकानं एकच विचारलं, आरोपी स्वतः म्हणतोय, मग तुमचं काय म्हणणं आहे? शिवलिंगप्पा जे बोलले त्याला साक्षीदार नव्हता. माझ्याजवळ एक काठी होती, जिच्यावर माझंच नाव घेतलं जात होतं.

दुपारी बाहेर आलो. गोजरबाई कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसली होती. पुढ्यात फडकं उघडं होतं आणि ती भाकरी खात होती. गुरुवारपासून तिला मी पहिल्यांदाच खाताना पाहिलं. मला बघून तिनं तोंड पुसलं आणि उठायला लागली.

"बस, बस," मी म्हणालो. "कोंडीबानं असं का केलं गं?"

"मीच सांगितलं त्यांला," ती म्हणाली. तिच्या तोंडावर सात दिवसांत नव्हता तो निवांतपणा होता. "परवा तुमच्या तोंडाकडं बगितलं आन् मला उमगलं, साहेबाच्यानं काय हुईना. साहेब लई भलं हायत, म्हून त्वांडानं सांगत न्हाईत. मग हवालदार म्हनला, जो व्हय म्हनतो त्याला फास न्हाय, काळ्या पान्यावर धाडत्यात. नगं म्हनत हुते त्ये. मी पाया पडले त्यांच्या. म्हनलं, धा वर्सांनी या, ईस वर्सांनी या, पन या."

चांदीसाठी केलेला खून, कबुलीजबाब, आणि बाजूनं बोलणारं कुणी नाही. या वाटेनं गेलेली माणसं मी बत्तीस वर्षांत मोजून पाच पाहिली होती. त्यातलं एकही काळ्या पाण्यावर गेलं नाही. पाचही येरवड्याला गेली आणि तिथंच संपली.

गोजरबाईनं उरलेली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली. मी ती घेतली, नाही म्हणता आलं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "तितं तळं असंल का वो? न्हायतर त्यांला करमायचं न्हाय. जाळं टाकू दितील का त्यांला?"

"समुद्र आहे तिथं," मी म्हणालो. "मासे लई आहेत. टाकू देतील."

"मग बरं हाय," ती म्हणाली, आणि मला पाणी देण्यासाठी तांब्या धुवायला नळावर गेली.